वाळूवरचें मैदान

संपादकांनीं यंदाच्या अंकासाठीं मजकडे प्रवासवर्णन मागितलें, तेव्हां मी प्रथम संकोचलों. मुलास किंवा मुलीस भेटावयास अमेरिकेस जाऊन आलेले पालक आपल्या शाळेंत आतां पुष्कळ आहेत, आणि नायगाऱ्याच्या धबधब्याचें आणखी एक वर्णन वाचण्याची कोणास हौस उरली असेल असें मला वाटत नाहीं. म्हणून आपले लोक ज्या स्थळाकडे सहसा फिरकत नाहींत, अशा एका स्थळाची हकीकत सांगतों. उत्तर कॅरोलायना संस्थानांत पाइनहर्स्ट नांवाचें एक गांव आहे. त्या गांवीं देशोदेशींचे लोक केवळ गोल्फ खेळण्यासाठीं येऊन उतरतात. हॉटेलें, दुकानें, रस्ते, सारें कांहीं त्या एका खेळाभोंवतीं उभें आहे. तेथें मैदानें अनेक आहेत व त्यांस नांवांऐवजीं बहुधा क्रमांकच दिलेले आहेत. त्यांपैकीं सर्वांत विख्यात असें 'नंबर दोन' मीं २०२५ च्या एप्रिल महिन्यांत पहिल्या ओट्यापासून शेवटच्या ओट्यापर्यंत पायीं चालून पाहिलें.

मी गोल्फ खेळत नाहीं. हें आरंभींच सांगून टाकतों, कारण जाणते वाचक माझ्या शब्दांवरून तें ओळखतीलच. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यांत गेली. पाण्याच्या पाळ्या लावणें, चाऱ्या तपासणें, आणि उन्हाळी आवर्तन चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं हें उन्हांतून जाऊन पाहणें, हें माझें काम. १९७२ च्या दुष्काळांत मी याच शाळेच्या वसतिगृहांत होतों. विहिरीच्या तळाशीं उतरून वाटीनें घागर भरणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. अशा मनुष्यास खेळासाठीं गवत भिजविणें ही गोष्ट सहजासहजीं रुचत नाहीं. परंतु माझी भाची तेथून सुमारें शंभर किलोमीटरांवर कॅरी या गांवीं राहते, गोल्फ आवडीनें खेळते, आणि तिनें मला मोठ्या युक्तीनें ओढून नेलें. ती म्हणाली, "मामा, तुम्ही नंबर दोन पाहाच. तेथें जमिनीखालीं तुमच्या खात्याची एक वस्तु पुरलेली आहे." कोणती वस्तु, तें मात्र तिनें सांगितलें नाहीं. "गवत पाहायला एवढ्या लांब जायचें!" असें म्हणत आमच्या सौभाग्यवतीहि गाडींत बसल्या.

बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ पडद्यावर पाहिला असेल, खेळला मात्र क्वचितच कोणी असेल. तेव्हां दोन शब्द त्याविषयीं. आपल्या विटीदांडूंत जशी गल असते, तशी येथें जमिनींत सव्वाचार इंच रुंदीची गल असते. अशा गली अठरा. प्रत्येक गलीसाठीं एक ओटा ठरलेला. त्या ओट्यावरून, कोठें दीडशें तर कोठें पांचशें यार्डांवरून, लहानसा चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि होतील तितक्या थोड्या टोल्यांत गलींत घालावयाचा. गलीभोंवतीं अगदीं बारीक कापलेलें गवत असतें, त्यास ग्रीन म्हणतात. तेथवर जाणारी हिरवी वाट म्हणजे फेअरवे. वाटेंत राखून ठेवलेले वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. ग्रीनवर पोहोंचल्यावर चेंडू उडवीत नाहींत, पटर नांवाच्या सपाट तोंडाच्या काठीनें तो घरंगळवितात. एवढें भांडवल या लेखास पुरे. फुटबॉलचें मैदान कोठेंहि गेलें तरी चौकोनीच असतें. गोल्फचें प्रत्येक मैदान मात्र निराळें. म्हणूनच त्याला रचनाकार असतो, आणि घराच्या किंवा पुलाच्या बांधणीची करावी तशी त्याच्या कामाची परीक्षा करतां येते.

ही सारी भूमि मुळांत वाळूची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीं समुद्र तेथवर होता. तो हटला आणि वाळूच्या टेकड्या मागें राहिल्या. त्यांवर लांब सुयांच्या पाइन वृक्षांचें अफाट अरण्य वाढलें. या वृक्षाची एकेक सुई फूटभर किंवा त्याहूनहि लांब असते, आणि त्याच्या तळाशीं तारेसारखें ताठ, झुबक्याझुबक्यांनीं वाढणारें रानगवत असतें; त्यास 'वायरग्रास' असेंच म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत टर्पेंटाईनसाठीं व लांकडासाठीं हें अरण्य बेसुमार तुटलें. उरलेली ओसाड जमीन, पांच हजार एकरांहून अधिक, १८९५ सालीं जेम्स वॉकर टफ्ट्स या बॉस्टनकडील व्यापाऱ्यानें एकरीं सुमारें एका डॉलरानें विकत घेतली. सोड्याचें पाणी करण्याचीं यंत्रें विकून हा मनुष्य धनाढ्य झाला होता. उत्तरेच्या कडक हिवाळ्यांत ज्यांची प्रकृति ढासळते, त्यांनीं येथें येऊन राहावें, ही त्याची कल्पना. गांवाचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीनें केला. न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क रचणारे तेच हे ओल्मस्टेड. त्यांस सरळ रस्ते आवडत नसावेत. आम्ही एकाच चौकाला तीन वेळां येऊन पोहोंचलों.

गोल्फ टफ्ट्सच्या मूळ विचारांत नव्हता. पाहुणे कुरणांत चेंडू मारूं लागले व दुभत्या गाई बुजूं लागल्या, म्हणून १८९८ मध्यें पहिलें मैदान आंखलें, अशी कथा सांगतात. पुढें १९०० मध्यें डोनाल्ड रॉस तेथें आला. हा स्कॉटलंडांतील डॉर्नॉक गांवचा, १८७२ चा जन्म. प्रथम सुतारकाम शिकला, मग सेंट अँड्र्यूज येथें ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या उस्तादाच्या हाताखालीं तयार झाला. त्यानें अमेरिकेंत सुमारें चारशें मैदानें रचलीं. पण नंबर दोन, जें १९०७ सालीं पुरें झालें, तें त्यानें आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, दुरुस्त करणें सोडलें नाहीं. त्याचें घर तिसऱ्या ग्रीनला लागूनच आहे. सुतार जसा स्वतःच्या घरचा दरवाजा रोज उघडतां-मिटतां कोठें अडतो तें पाहतो आणि एखादे दिवशीं रंधा फिरवतो, तसें हें काम झालेलें दिसतें. आरंभीं तर ग्रीनें हिरवींसुद्धां नव्हतीं. उन्हाळ्यांत तेथें बारीक गवत टिकत नसे, म्हणून १९३५ पर्यंत चेंडू चापून बसविलेल्या वाळूवर घरंगळवीत. हिंदुस्थानांतहि साहेबांच्या वेळीं अशा वाळूच्या जागा कित्येक ठिकाणीं होत्या व त्यांस, रंगावरून, 'ब्राउन' म्हणत.

आतां रचनेकडे वळतों. प्रथम माझ्या डोळ्यांत भरली ती वाट. नकाशा हातीं घेऊन चालत असतां मीं पाहिलें कीं लागोपाठच्या गली एकाच दिशेला क्वचितच आहेत. वारा एकदां तोंडावर, एकदां पाठीवर, मग डाव्या गालावर. शेजारच्या वाटेवर कोण खेळत आहे हें बहुधा दिसत नाहीं. जमिनीचे चढ-उतार फार मोठे नाहींत, परंतु जेथें चढ आहे तेथें ग्रीन उंचावर ठेवलें आहे आणि जेथें खोलवा आहे तो ओलांडून चेंडू जावा अशी योजना आहे. जमीन कापून किंवा भराव घालून केलेली खटपट कोठें नजरेस येत नाहीं. पाटाची आंखणी करतांना आम्हीं समपातळी रेषा धरून चालावयास शिकलों. डोंगर फोडण्यापूर्वीं वळसा घालून जमतें कीं काय तें पाहावें, हा आमच्या धंद्यांतला पहिला धडा. रॉसलाहि तो कोणीं तरी शिकविला असला पाहिजे.

पाण्याचें म्हणाल तर साऱ्या अठरा गलींत मिळून एकच तळें आहे, तें सोळाव्या ओट्यापुढें, आणि चांगला टोला बसला तर त्याचा उपद्रव होत नाहीं. इतर नामांकित मैदानांवर सरोवरें, कारंजीं, पूल यांची जी गर्दी असते ती येथें नाहीं. प्रथमदर्शनीं पाहुण्यास वाटावें, यांत एवढें कौतुक करण्यासारखें काय आहे? फेअरवे रुंद आहेत. नवशिक्याचा चेंडू हरवत नाहीं. माझी भाची पहिल्या तीन गलींत प्रसन्न होती.

कौतुक ग्रीनपाशीं सुरू होतें. आपल्याकडे परात पालथी घातली तर तिचा जसा आकार दिसेल, तशीं हीं ग्रीनें आहेत. मधला भाग बरा सपाट, आणि कडा चहूंकडे गोलसर उतरत्या. कागदावर मोजलें तर ग्रीन मोठें आहे. पण चेंडू जेथें थांबूं शकेल असा भाग त्यांतला थोडाच. कडेवर पडलेला चेंडू क्षणभर विचार केल्यासारखा थबकतो आणि मग हळूहळू घरंगळत खालच्या खोलग्यांत जाऊन बसतो. हा उंचवटा सगळाच रॉसनें केलेला नाहीं, वर्षानुवर्षें ग्रीनवर जी वाळू पसरीत आले तिच्या थरांनीं तो वाढत गेला, असें जाणकारांचें मत आहे. पाटाच्या तळाशीं गाळ कसा चढतो तें ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें पटावयास वेळ लागत नाहीं.

पांचव्या गलीवर मला या रचनेचा अर्थ कळला. तेथें फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरता आहे, म्हणून चेंडू मारणाराच्या पायांहून किंचित् उंच राहतो आणि टोला आपोआप डावीकडे ओढला जातो. आणि नेमकी डावी बाजूच ग्रीनची वाईट. भाचीबरोबर जो कॅडी होता, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा व वाट सांगणारा सोबती, तो पिकल्या केसांचा गृहस्थ होता. तो तिला म्हणाला कीं निशाणाकडे पाहूं नका, ग्रीनच्या उजव्या अर्ध्यावर मारा. तिनें निशाणाकडेच मारलें. चेंडू सुरेख उडाला, ग्रीनवर पडला, आणि डाव्या कडेवरून उतरून माणूसभर खालीं गेला. तिनें तेथून उडविला, तो वर जाऊन पलीकडे उतरला. पुनः उडविला, तो निम्म्या चढावरून परत तिच्या पायांशीं आला. अशा वेळीं मोठमोठ्यांचाहि तोल जातो. १९९९ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत जॉन डेली नांवाच्या नामांकित खेळाडूनें आठव्या ग्रीनवर, परत येणारा चेंडू थांबण्यापूर्वींच त्याला रागानें टोला हाणला होता, आणि त्या एका गलीवर त्याचे अकरा झाले. भाचीनें तसें कांहीं केलें नाहीं. कॅडीनें न बोलतां तिच्या हातीं पटर दिला. तिनें चेंडू उडविण्याचा नाद सोडून त्याला सरळ जमिनीवरून वर ढकलला, आणि तो चढ चढून ग्रीनवर जाऊन थांबला.

हा मार्ग सर्वांस मोकळा आहे, हें मला फार मोलाचें वाटलें. ग्रीनभोंवतींचें गवतहि बारीक कापलेलें असल्यामुळें दहा वर्षांचा मुलगा किंवा साठीची बाई पटर घेऊन चेंडू तेथून वर नेऊं शकते. दुबळ्याला बंदी कोठेंच नाहीं. जो निशाणाचा हव्यास धरतो त्याचीच कसून परीक्षा होते. जो मध्यावर समाधान मानतो तो एखाददुसरा टोला अधिक घेऊन सुखानें पुढें जातो. २०१४ सालीं मार्टिन कायमर या जर्मन खेळाडूनें ग्रीनबाहेरून असाच वारंवार पटर वापरला आणि पुरुषांची अमेरिकन ओपन आठ टोल्यांनीं जिंकली. लगेच पुढच्या आठवड्यांत त्याच मैदानावर स्त्रियांची ओपन झाली व ती मिशेल वी हिनें जिंकली. एकाच मैदानानें लागोपाठच्या आठवड्यांत दोघांची परीक्षा घेण्याचा तो पहिलाच प्रसंग. आपल्या शाळेंतल्या मुलींनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं पाइनहर्स्ट येथें स्त्रियांची 'नॉर्थ अँड साउथ' स्पर्धा १९०३ पासून चालत आलेली आहे.

दहाव्या गलीवर भाचीनें ती पुरलेली वस्तु सांगितली. फेअरवेच्या मधोमध उभी राहून ती म्हणाली, "मामा, तुमच्या पायाखालीं नळ आहे."

तिची हकीकत अशी. रॉसच्या काळीं प्रत्येक फेअरवेच्या मध्यरेषेनें पाण्याचा एकच नळ घातलेला होता. त्या नळावरील फवारा जेथवर पोहोंचे तेथवर गवत हिरवें. पुढें तें विरळ, मग पिवळें, आणि त्यापुढें नुसती वाळू, पाइनच्या सुया आणि वायरग्रास. १९७० मध्यें टफ्ट्स घराण्यानें हें सारें विकलें. त्यानंतरच्या काळांत अमेरिकेंत सर्वत्र जी आवड बळावली तीच येथेंहि आली. नळांच्या रांगा वाढल्या, फवारे अकराशेंच्या वर गेले, आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत जाड हिरवें गवत वाढविण्यांत आलें. मैदान गालिच्यासारखें दिसूं लागलें, आणि दुसऱ्या कोणत्याहि मैदानासारखेंहि दिसूं लागलें. २०१० मध्यें बिल कूर व बेन क्रेनशॉ या दोघां रचनाकारांस तें पूर्ववत् करण्यास बोलाविलें. कूर हा त्याच संस्थानांत वाढलेला. लहानपणीं तेथें खेळलेला. त्यांच्यापाशीं १९४३ सालीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें होतीं. पण प्रत्यक्ष जमिनीवर जुनी वाट कोठून गेली होती हें त्यांस त्या जुन्या नळानें दाखविलें. नळ सांपडला, म्हणजे मध्यरेषा सांपडली; मध्यरेषा सांपडली, म्हणजे दोन्ही अंगांस पाणी किती पोहोंचे तें मोजून फेअरवेच्या कडा सांपडल्या.

मी तेथें बराच वेळ उभा राहिलों. आमच्या खात्यांत पाटाचें पाणी ज्या जमिनीस मिळूं शकतें तिला लाभक्षेत्र म्हणतात. या मैदानाची रुंदी ही त्या एका नळाचें लाभक्षेत्र होती! रॉसनें कागदावर सुंदर वक्ररेषा काढून मग तिला पाणी पुरविलें असें झालेलें नाहीं. पाणी जितकें होतें तितकी हिरवळ, आणि पाणी संपलें तेथें खेळाची कडा. म्हणून ती कडा सरळहि नाहीं आणि कात्रीनें कापलेलीहि नाहीं. चारीच्या शेवटच्या शेतांत ऊस असतो तो हळूहळू खुजा होत जातो व बांधाशीं नुसतें हरळी-कुंदा उरतें, तशी ती विरत जाते. फरक एवढाच कीं शेवटच्या शेतकऱ्याचें त्यांत नुकसान होतें, आणि येथें तीच कडा खेळाचा प्राण होते. वाटेवरून भरकटलेला चेंडू कोठें मोकळ्या वाळूवर पडतो, कोठें वायरग्रासच्या झुबक्यांत रुततो; कधीं सहज मारतां येतो, कधीं मुळींच येत नाहीं. जाड गवत होतें तेव्हां प्रत्येक चुकीस एकच शिक्षा होती. आतां काय वाट्याला येईल हें चेंडूपाशीं जाईपर्यंत कळत नाहीं, आणि मग मनुष्याला डोकें चालवावें लागतें.

कूर व क्रेनशॉ यांनीं सुमारें पस्तीस एकर गवत उपटून टाकलें, साडेअकराशें फवाऱ्यांपैकीं साडेचारशेंच ठेवले, आणि दोन लाखांहून अधिक वायरग्रासचीं रोपें हातांनीं लावलीं. पाण्याचा वापर निम्म्याहूनहि पुष्कळ खालीं आला. मार्च २०११ मध्यें मैदान पुनः उघडलें. पुढें २०१४ ची स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसली, तेव्हां कित्येकांस तें करपलेलें व गबाळें वाटलें; तशी टीकाहि पुष्कळ झाली. मैदानाच्या मालकांनीं ती ऐकून घेतली आणि कांहीं बदललें नाहीं. मला त्यांचें यासाठीं विशेष वाटलें कीं तें पाणी वांचविण्याची त्यांच्यावर कोणाची सक्ति नव्हती. आमच्याकडे पाणी वांचतें तें बहुधा संपल्यावर.

आपल्या शाळेच्या मैदानावर हिरवळ लावून फवारे बसवावेत, असा विषय पालकसभेपुढें आहे असें ऐकतों. त्यासंबंधीं माझें मत कोणीं विचारलेलें नाहीं, तरी देतों. प्रथम आठ दिवस कोणीं तरी व्हरांड्यांत बसून मुलें कोठें धांवतात, कोठें पडतात, आणि कोठें कधींच जात नाहींत, याचा नकाशा करावा. ज्या भागावर मुलें पडतात तेथें गवत अवश्य हवें. गुडघे फुटणें ही कांहीं शिक्षणाची अट नाहीं. परंतु लिंबाच्या झाडांखालीं, जेथें धाकटीं मुलें लंगडी व लगोरी खेळतात, तेथें माती आहे तीच उत्तम. आणि कुंपणालगतच्या पट्ट्याला पाणी घालणें म्हणजे केवळ रस्त्यानें जाणाऱ्यांस दाखविण्यासाठीं पाणी घालणें आहे. शाळेच्या विहिरीनें एप्रिलमध्यें तळ दाखविला म्हणजे हा हिशेब करण्यास उशीर झालेला असेल.

मैदानांत दोष नाहींत असें नाहीं. ग्रीनचे हे उतार ज्या काळीं घडले त्या काळीं गवत आजच्याइतकें बारीक कापतां येत नसे, चेंडूहि हळू घरंगळे. आतां यंत्रें सुधारलीं, गवताच्या जाती बदलल्या, ग्रीनें कांचेसारखीं झालीं. उतार मात्र तेच. म्हणून कांहीं ठिकाणीं योग्य टोल्यालाहि शिक्षा होते, आणि त्या शिक्षेंत न्याय कमी व क्रूरपणा अधिक असें मला वाटलें. दुसरें असें कीं रॉसच्या आंखणींत एका ग्रीनवरून पुढच्या ओट्यावर चार पावलांत जातां येई. आजचे खेळाडू चेंडू फार लांब मारतात. त्यांच्यासाठीं स्पर्धेचे ओटे मागें मागें सरकवीत नेले. २०२४ च्या ओपनच्या वेळीं मैदानाची लांबी ७,५४८ यार्ड होती. ते दूरचे ओटे पाहिले कीं घराला मागाहून काढलेल्या पडवीची आठवण होते. तिसरा दोष पैशाचा. एका फेरीस कित्येक शेंकडे डॉलर पडतात, आणि बहुधा तेथील हॉटेलांत उतरावेंहि लागतें. जें मैदान दुबळ्या खेळाडूला इतक्या उदारपणें वाट देतें, त्याच्या फाटकाशीं दुबळ्या खिशाला वाट नाहीं.

फाटकाविषयीं आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. पाइनहर्स्टला लागून टेलरटाउन नांवाची कृष्णवर्णीय लोकांची वस्ती आहे. हॉटेलांत राबणारे, मैदानें राखणारे व पिशव्या वाहणारे लोक पिढ्यानपिढ्या तेथून येत. दक्षिणेंत तेव्हां वर्णभेदाचे कायदे होते, आणि धंदेवाईक गोल्फ खेळाडूंची जी राष्ट्रीय संस्था, तिच्या घटनेंत १९३४ पासून १९६१ पर्यंत सभासद गौरवर्णीयच असावा असें कलम होतें. म्हणजे कोणत्या ग्रीनवर चेंडू कोठें वळेल हें ज्यांस सर्वांहून अधिक ठाऊक, त्यांसच स्पर्धेंत उतरण्यास मज्जाव. रॉसची प्रशंसा करतांना मला या माणसांचें स्मरण वारंवार होत होतें. कारण रॉसनें काढलेली प्रत्येक रेषा फावड्यानें जमिनीवर उतरविणारे हात आणि ती रोज राखणारे हात कोणाचे होते, हें तेथील सुंदर पाट्यांवर फारसें लिहिलेलें नाहीं. धरणांच्या कोनशिलांवर तरी आपण मजुरांचीं नांवें कोठें कोरतों?

अठरावी गल चढावर आहे. ग्रीनच्या मागें पेन स्टुअर्ट याचा पुतळा आहे; १९९९ सालीं त्यानें येथें शेवटचा चेंडू सुमारें पंधरा फुटांवरून गलींत घालून ओपन जिंकली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाला. लोक पुतळ्याशेजारीं उभे राहून त्याच्यासारखा एक पाय मागें उचलून छायाचित्रें काढीत होते. भाचीचे अठरा गलींत मिळून एकशें चार झाले. तिनें ते कॅडीपाशीं मोठ्यानें मोजून दाखविले, आणि पांचव्या गलीचा आंकडा सांगतांना दोघेंहि हंसलीं.

क्लबाच्या इमारतीशेजारीं केवळ पटरनें खेळण्याचें एक लहान मैदान आहे. त्यास 'थिसल धू' म्हणतात; जुन्या पाइनहर्स्टमधील एका बागेचें हें नांव. मालकानें आपली बाग पाहून, 'एवढें पुरे' अशा अर्थाचे जे इंग्रजी शब्द उच्चारले, त्यांस स्कॉटिश वेष चढवून तें केलें, असें सांगतात. तेथें उंचवटे व खळगे मुद्दाम केले आहेत, आणि लहान मुलें, आजोबा, हातांत सरबताचे पेले घेतलेले पाहुणे, सारे एकत्र खेळतात. आम्ही नंबर दोनवर असतां सौभाग्यवतींनीं दोन तास तेथेंच काढले होते. पदर खोंचून त्या उभ्या होत्या, आणि शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला चेंडू कोणत्या बाजूनें सोडावा हें खुणांनीं समजावीत होत्या. भाचीनें त्यांच्याशीं सहा गलींचा सामना केला. पहिल्या दोन भाचीनें घेतल्या. पुढच्या चार सौभाग्यवतींनीं, गोट्या खेळणाऱ्या मुलासारखें ओणवें होऊन, डोळा बारीक करून, उतार पाहून घेतल्या. "मामी, हें तुम्ही कोठें शिकलांत?" भाचीनें विचारलें. "आमच्या ओसरीला उतार होता," त्या म्हणाल्या, आणि पटर परत देतांना तेथल्या मुलाला विचारा म्हणाल्या कीं हें सकाळीं किती वाजतां उघडतें.